साफ करून दिलेली मासोळी

आमच्या तलावाची मासोळी प्रयोगशाळेत निर्दोष ठरली, त्या दिवशी घरात सर्वांत मोठ्यानं मी हसले होते. हे आधीच लिहून ठेवते. पुढे ज्या माणसाबद्दल मी कडू लिहिणार आहे, त्याच्या मांडीला मांडी लावून त्या दिवशी मी जेवले.

आम्ही ढिवर. गाव चंद्रपूरपासून बसनं पाऊण तासावर, आणि गावापेक्षा तलाव मोठा. मालगुजारांच्या काळात बांधलेला हा तलाव आता मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं असतो आणि संस्थेचे सचिव माझे बाबा. ज्या बाजूनं नाला तलावात पाणी आणतो, त्या बाजूला कोळशावर चालणारं एक खासगी वीज केंद्र आहे. गावात त्याला कोणी नावानं ओळखत नाही, प्लांट म्हणतात. जळलेल्या कोळशाची राख पाण्यात कालवून प्लांट ती पाइपानं एका भल्यामोठ्या बंधाऱ्यात सोडतो. दर पावसाळ्यात तो बंधारा कुठेतरी पाझरतो, आणि नाल्याचं पाणी घासलेल्या पाटीच्या रंगाचं होतं.

आमच्याकडे चुलीतली ती राख आणि प्लांटची ती राखड. राखेनं भांडी निघतात. निसटणारा मांगूर राख लावल्याशिवाय हातात धरवत नाही. तान्ह्या बाळाच्या कपाळाला लावतात तीही राखच. राखड मात्र जवळजवळ शिवी आहे. कुणाचं होत आलेलं काम बिघडलं की बाया विचारतात, "झाली का राखड?" बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांना हा फरक कधी कळला नाही. ते सभेत 'आपली राख, राखेचा प्रश्न' असं बोलत, आणि मागे बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत.

हा शब्द कागदावर आणला बाबांनी. बाबा दहावी नापास. पण पत्रक लिहायला बसले की मायसुद्धा चुलीवरचं झाकण आवाज न करता ठेवायची. तालुक्याच्या छापखान्यात गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदावर पत्रकं छापली जात आणि उरलेले गठ्ठे घरी येत. मी त्यांच्यावर वाचायला शिकले. शाळेत मुळाक्षरं सुरू व्हायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. 'बंधूभगिनींनो' हे मला कितीतरी दिवस एखाद्या गावाचं नाव वाटायचं. ताईनं आणि मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवली, मायनं त्यांत सुकट बांधली, फळ्यांवर तीच अंथरली. बाबांचे नियम दोनच होते. उद्गारचिन्हं पाहिजेत तितकी, तीन-तीन, चार-चार. पण खोटा शब्द एकही नाही. "पोरी, एका पत्रकात खोटं निंगालं का मंग मागच्या साऱ्याईची रद्दी होते," ते म्हणायचे. मी प्राणिशास्त्र घेतलं तेही एका पत्रकामुळे. त्यात बाबांनी लिहिलं होतं की ढिवराच्या पोरानं आता मासोळीचा डॉक्टर व्हावं. पोरानं असंच लिहिलं होतं. झाली पोरगी.

मी चंद्रपूरला एम.एस्सी.ला गेले, तोवर सलग तीन हंगाम तलावात काहीतरी बिघडत आलं होतं. रोहू-कतल्याचं बीज सोडलं की आठवड्याच्या आत पोट वर करून काठाला लागे. मरळ ही भांडखोर मासोळी. टोपलीतून उडी मारते आणि पारीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, सरपटत पाण्याकडे निघते. लहानपणी तिच्यामागे धावण्यात आमचे गुडघे फुटलेले आहेत. तीच मरळ आता काठाशी येऊन निजल्यासारखी पडून राहायची. उचलली तरी शेपटी हलायची नाही. मी एक फाडून पाहिली. कल्ले लालभडक असायला हवेत. ते पांढुरके होते, वर चिकट थर, आणि त्यांचे बारीक पदर एकमेकांना चिकटून सुजलेले. नाल्याच्या तोंडाशी सापडलेल्या दोघीतिघींचा कणा शेपटीकडे वाकडा होता.

मी पुस्तकं धुंडाळायला लागले. कोळशात बाकी धातूंबरोबर अगदी थोडं युरेनियम असतं. कोळसा जळून जातो, ते जळत नाही. राखडीत मागे राहतं, आणि आधीपेक्षा दाट होऊन राहतं. पाण्यात उतरलं की कल्ल्यांवाटे मासोळीच्या अंगात शिरतं, कारण श्वास ती त्याच पाण्यातून घेते. मग मूत्रपिंड, यकृत. शरीराला हा धातू चुनाच, म्हणजे कॅल्शियमच, वाटतो, म्हणून उरलेला ते हाडांत नेऊन ठेवतं. मांसात सर्वांत कमी सापडतं. हे सगळं मी एका सुट्टीत बाबांना पारीवर बसून समजावलं, बोटानं ओल्या मातीत मासोळी काढून. कल्ले इथे. मूत्रपिंड इथे, पाठीला लागून. काटे हे असे. बाबा पहिल्या बाकावरच्या पोरासारखे ऐकत होते.

ऐकून झाल्यावर त्यांनी वहीत मथळा लिहिला: 'आपल्या तलावात अॅटम बॉम्बचा धातू!!!!'

"बाबा, असं नोका लिवू. हे फुटत नाई."

"फुटते असं कुठी लिवलं मी?"

"वाचनाऱ्याले तसंच वाटन ना. किरनाचा भाग यात लहान आहे. शिसं जसं जहर, तसं हे जहर. अन् आपल्या तलावात आहे का नाई, किती आहे, हेच आपल्याले मालूम नाई. तपासल्याबिगर एक अक्षर लिवाचं नाई."

"मंग तपास ना वो, डॉक्टरीनबाई," ते म्हणाले आणि मथळ्यावर आडवी रेघ मारली. त्या रेघेचा मला फार अभिमान वाटला होता.

त्याच उन्हाळ्यात ताई बाळंतपणाला घरी आली. तिचं सासर तिकडे, सूरजागडच्या डोंगराकडे. लोहखनिजाच्या ट्रकांची लाल धूळ तिच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसते. "तिथी तांबडं, इथी राखाडी," ती म्हणायची. "माह्यं लेकरू रंग खेळूनच जन्माले येऊन राह्यलं." मुलगी झाली, गुटगुटीत, आवाजानं थेट मायवर गेलेली.

आमच्यात बाळंतिणीला मरळ देतात. मुंडकं फोडून, काट्यांसकट तासभर उकळून रस्सा करायचा, आणि सोबत बारीक मासोळी आख्खी भाजलेली. दूध उतरतं म्हणतात. काटे आम्ही टाकत नाही. मऊ होईपर्यंत शिजवतो आणि चावून खातो. सुकट तर कुटून भातावर घेतो. म्हणजे पुस्तकात ज्या ज्या जागी धातू साठतो म्हणून लिहिलं होतं, त्याच जागा वेचून आम्ही ताईच्या वाटीत घालत होतो. मी मायला म्हटलं, तपासणीचा निकाल येईपर्यंत ताईला मासोळी देऊ नको.

"तुह्या टायमाले मी काय खाल्ली?" माय म्हणाली. "तू काय वाकडी निंगाली?"

"माह्या टायमाले प्लांट कुठी होता?"

"निंगाली ना जराशी वाकडी," ताई आतून म्हणाली, आणि भांडण तिथंच हसण्यावारी गेलं. पण मायनं ऐकलं. ताईपुढे नुसता डाळ-भात ठेवताना ती तोंड फिरवायची, सावत्र लेकीला वाढत असल्यासारखी.

माझ्या कॉलेजातल्या बाईंचे स्वतःच्या कामाचे नमुने नागपूरच्या प्रयोगशाळेत जायचे होते. त्यांत आमची मासोळी घालायला त्या तयार झाल्या. अट एकच होती: मासोळी आख्खी हवी. कापायची नाही, खवलं काढायची नाहीत, बर्फात घालून तशीच आणायची. जाळं ओढायचा दिवस आणि माझी प्रात्यक्षिक परीक्षा एकाच दिवशी आली. मी बाबांना फोन केला. "आख्खी," मी दोनदा म्हटलं. "आख्खी," ते लिहून घेता घेता म्हणाले. पेनाचा आवाजसुद्धा मला ऐकू आला.

ते स्वतः बसनं आले, थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन. डब्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी, आणि पट्टीच्या जोडावर त्यांची सही, म्हणजे मधे कोणी उघडला असं कोणाला म्हणता येऊ नये. "पंचनाम्यावानी केलं," ते म्हणाले. मी पांढऱ्या कोटात, फाटकाशी, पाच मिनिटांसाठी बाहेर आलेली. डबा न उघडता मी बाईंच्या हाती दिला. उघडायला हवा होता का? त्याच्यावर माझ्या बापाची सही होती.

निकाल आला. तपासलेल्या धातूंपैकी कशाचंही प्रमाण काळजी करण्याजोगं नाही, असं पहिल्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं. मी तेवढी ओळ वाचली आणि बस पकडली. गावात संस्थेच्या दाराशी ती मोठ्यानं वाचून दाखवली. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. बाबांनी दोन दिवसांत पत्रक काढलं, पहिल्यांदाच पांढऱ्या कागदावर: 'आपल्या तलावाची मासोळी निर्दोष.' एकही उद्गारचिन्ह नव्हतं. मला वाटलं, बाबा माझ्यासारखं लिहायला शिकले. बाजारात बसणाऱ्या बायांनी ते टोपलीखाली दाबून ठेवलं, आणि गिऱ्हाईकानं नाक मुरडलं की काढून दाखवायला लागल्या.

त्या दिवशी मायनं मरळ केली. ताईच्या वाटीत मुंडकं ठेवलं, तसं बाबांनी हात घालून ते उचललं.

"आज मुंडकं माह्यं. सचिव आहो मी."

"बाबा, बाळंतीन तुमी का मी?" ताई ओरडली.

"मीबी बाळंतच झालो ना या रिपोर्टापायी. पोटात दुखत होतं महिनाभर."

मी सर्वांत मोठ्यानं हसले ते तेव्हा. माय म्हणाली, म्हाताऱ्याले हाव सुटली. त्यानंतर बाबा मुंडकं रोज मागून घेऊ लागले. रस्सा मात्र ताईच्याच वाटीत जात होता, आणि भाजलेली बारीक मासोळीही.

मी चंद्रपूरला परतले. काही दिवसांनी प्रकल्पाला जोडायला म्हणून अहवाल काढला आणि दुसरं पान पहिल्यांदा नीट वाचलं. तिथं नमुन्याचं वर्णन होतं: डोके, कल्ले, अंतर्गत अवयव व काटे काढलेले; केवळ मांस. प्रयोगशाळेनं काहीच लपवलं नव्हतं. जे दिलं ते तपासलं आणि काय दिलं तेही लिहिलं. मासोळीच्या ज्या भागात विष सर्वांत कमी साठतं तेवढाच भाग नागपूरला गेला होता, आणि त्याच्या जोरावर आम्ही आख्खी मासोळी निर्दोष ठरवून विकत होतो.

रविवारी घरी जाऊन मी मायला धरलं. ती पावशीवर, म्हणजे विळीवर, बसून बारीक मासोळी साफ करत होती.

"तू नमुना साफ केला?"

"मंग?" माय म्हणाली. "थे लॅबवाले कोन? सायेब लोक. त्यायले का आतडीसकट मासोरी पाठवू? काय म्हनतीन, ढिवराले रीत नाई?"

ही रीत खरी आहे. मानाच्या माणसाकडे मासोळी पाठवायची तर साफ करून, मीठ-हळद लावून पाठवतात. तशीच्या तशी पाठवली तर त्याचा अर्थ होतो, घे आणि तुझं तूच निस्तर. लग्नात व्याह्यानं आख्खी मासोळी पाठवली म्हणून वर्षभर बोलणं बंद झालेली घरं मला माहीत आहेत. मला हसू आलं, मग रडू, मग मी मायवर ओरडले. तुम्हा लोकांना सांगून कळत नाही, असं म्हणाले. 'तुम्हा लोकांना' म्हणाले मी, स्वतःच्या मायला. तिचे हात खवल्यांनी भरलेले होते. ती म्हणाली, "चुकलं बाई."

बाईंना मी सांगितलं, आईकडून चूक झाली. त्या म्हणाल्या, पुढच्या खेपेला नवा नमुना पाठवू. ताईला मी काही बोलले नाही. ती तेव्हा जराशा कारणानं रडत होती, आणि दूध कमी होईल म्हणून माय तिला जपत होती. नवा निकाल आल्यावर सांगू असं मी ठरवलं. रोज फोनवर मात्र विचारायची, दूध येते ना ताई?

आठवडा असाच गेला. मग एक दिवस होस्टेलच्या मेसमध्ये मासे होते. माझ्यासमोर बसलेली पुण्याकडची मुलगी एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीनं मांडत होती. मी बघत राहिले. इतकं सफाईनं कोणी काटे काढताना मी घरी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ते कोणाला येतच नाही, कारण कोणी काढत नाही. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

खवलं, कल्ले, आतडी हे रीतीत बसतं. मुंडकं बसत नाही. मुंडकं मानाचं, पाहुण्याच्या मासोळीचं मुंडकं काढलं तर तो अपमान. आणि काटे तर मायनं उभ्या आयुष्यात काढलेले नाहीत. ज्याला काटे काढायचं सुचलं, त्याला काट्यांत काय असतं हे माहीत होतं. गावात हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं, ओल्या मातीत मासोळी काढून.

पुढची बस धरून मी घरी गेले. माय अंगणात होती. मी फक्त विचारलं, "काटे कोनं काढले?"

तिनं सूप झटकून भिंतीला टेकवलं. मग म्हणाली, "मी म्हनलं त्यायले, पोरीनं आख्खी सांगतली. थे म्हने, तू साफ कर, मुंडकं अन् काटे मी पाहातो. दुपारभर बसून काढले. चिमट्यानं."

"अन् मी ओरडली तवा चूप काऊन राह्यली तू?"

"तुमी बापलेक एका कागदाचे. मधात मी काऊन फाटू?"

बाबा पारीवर जाळं दुरुस्त करत बसले होते, चिंचेच्या सावलीत. मी समोर उभी राहिले. त्यांनी सुई थांबवली नाही.

"काटे तुमी काढले?"

"हो."

"काऊन?"

"रिपोर्ट खराब आला असता तं काय झालं असतं, सांग. प्लांट बंद पडला असता?" ते खाली बघूनच बोलत होते. "वीस वर्षं लिवून राह्यलो मी. एक पाइप हालला का? तुह्या कागदानं प्लांटले खरचटलंबी नसतं. बजारात आपल्या बायाच्या टोपलीले मातर कोनी हात नसता लावला. प्लांटनं म्हनलं असतं, आमी कुठी सांगतो मासोरी खा म्हनून? ढिवर मेला असता, पोरी. निस्ता ढिवर."

त्यांचं निम्मं खरं होतं, आणि त्यानं मी जास्तच पेटले. हेच वाक्य त्यांनी पत्रकात लिहिलं असतं तर मी ते गावोगाव वाटलं असतं.

"ताईच्या वाटीतलं मुंडकं काऊन उचलत होते तुमी?"

सुई थांबली.

"तुमाले मालूम होतं. मुंडकं तुमी खाल्लं, रस्सा तिले पाजला. बजारातून नेनाऱ्या बाळंतिनीच्या वाटीतलं मुंडकं कोन उचलते?"

"मालूम कुठी आहे कोनाले? तपासलं कुठी आहे?"

"तुमी तपासू देल्लं नाई म्हनून मालूम नाई!"

पलीकडे धुणं धुणाऱ्या बायांनी माना वळवल्या. बाबा उठले, जाळं खांद्यावर घेतलं, आणि जाता जाता म्हणाले, "हे लिवू नोको. एवढं आयक."

मला न लिहायला सांगण्याची त्यांची ही पहिली वेळ. प्लांट खोटं बोलतो हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. प्लांटवर कसं चिडायचं, कोणते शब्द वापरायचे, मोर्चात कुठल्या ओळीला आवाज चढवायचा, हे सगळं मला घरीच शिकवलेलं आहे. बाबांवर चिडायला कोणी शिकवलं नव्हतं. ते भ्याले हे मी सोसलं असतं. पण मी शिकवलेल्या गोष्टीचा त्यांनी चिमटा केला, आणि दोष मायच्या रीतीवर जाऊ दिला, कारण अडाणी बाईकडून चूक झाली हे मला लगेच पटेल हे त्यांना ठाऊक होतं. पटलंही.

मी लिहिलं. छापखानेवाल्यानं मजकूर वाचून परत केला. खाली सचिवाची सही असल्याशिवाय छापणार नाही म्हणाला. मग मी जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूंवर हातानं लिहिलं. पहिल्या तपासणीत आख्खी मासोळी गेली नव्हती. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही, चांगलं नाही की वाईट नाही. आख्खा नमुना पुन्हा जातो आहे. तोवर मुंडकं, काटे आणि सुकट बाळंतिणींना आणि लेकरांना देऊ नका. उद्गारचिन्ह घातलं नाही. संस्थेच्या भिंतीवर चिकटवलं, शाळेच्या कुंपणावर चिकटवलं, आणि बाया टोपल्या भरतात त्या तलावाच्या घाटावर जाऊन वाचून दाखवलं.

"मंग इकाचं का वो आमी?" शेजारची म्हातारी म्हणाली. "हा तुहा कागद?"

"माह्या सुनेनं कालच खाल्ली," दुसरी म्हणाली. "आता काय तिच्या घशात बोट घालू?"

"बापानं चांगलं म्हनलं, लेक खराब म्हनते. आधी घरात ठरवा, मंग गावाले सांगा."

त्यावर सगळ्या हसल्या. मी तपासणीचं पुन्हा समजावलं, पण मान कोणीच हलवली नाही. त्या दिवशीही टोपल्या बाजाराला गेल्या. त्या अडवायला हव्या होत्या की नव्हत्या, मला आजही सांगता येत नाही. दोन टोपल्यांतली मुंडकी मात्र काढलेली दिसली.

मी घरी पोहोचायच्या आत घाटावरची बातमी ताईपर्यंत गेली होती. ती बाळाला मांडीवर घेऊन दारात बसली होती.

"तुले कवापासून मालूम?"

"काटे बाबानं काढले हे कालच..."

"थे नाई इचारत मी. नमुना बिघडला हे कवापासून?"

"आठ-नऊ दिवस झाले."

"आठ-नऊ दिवस," ती म्हणाली. "रोज दोन वाट्या पेली मी. अन् तू रोज फोन करून इचारे, दूध येते ना ताई."

"तुले भेव नोको वाटाले म्हनून..."

"बाबाबी हेच म्हनते. आत्ताच म्हनून गेले, इथीच उभे राहून."

तिनं बाळाला पाजायला घेतलं, मग थांबली, बाळाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग पाजलं. दुसरं काय करणार होती? आणखी महिनाभर राहायचं ठरलं होतं तिचं. चौथ्या दिवशी भाऊजी येऊन घेऊन गेले. मायनं बांधून दिलेल्या गाठोड्यात तांदूळ होते, जवस होतं, सुकट नव्हती. बस सुटेपर्यंत ताई मायशी बोलत होती. बाबा बसथांब्यावर आले नाहीत. मी आले होते, आणि तिनं बाळाचं टोपडं माझ्याकडून बांधून घेतलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या नमुन्यासाठी मला नाल्याच्या तोंडाशी, तलावाच्या मधोमध आणि पाणी सोडायच्या तुडुमाजवळ अशी तीन ठिकाणची मासोळी हवी होती. गावात कोणी डोंगा द्यायला तयार झालं नाही. बाबांनी काढला. वल्हं त्यांनीच मारलं, जाळंही त्यांनीच टाकलं. नाल्याच्या तोंडाशी पाणी इतकं उथळ झालंय की वल्हं राखडीत रुतत होतं. मरळ वर आली. धडपडली नाही. त्यांनी ती तशीच माझ्या डब्यात ठेवली आणि हात पाण्यात बुडवून बसून राहिले. पट्टी मी लावली, सही मी केली. नागपूरला डबा मी स्वतः घेऊन गेले आणि तिथल्या टेबलावर, तिथल्या माणसासमोर उघडला. कल्ले, मुंडकं, काटे, डोळे, सगळं जागच्या जागी होतं. त्यानं विचारलं, "डबा कोणी भरला?" मी माझं नाव सांगितलं, ते त्यानं लिहून घेतलं.

निकाल यायचा आहे. काय येईल ते येईल. या वेळी दोन्ही पानं मी घाटावर वाचणार आहे. ताईला फोन केला की भाऊजी उचलतात. बाळ चांगलं आहे, वजन वाढलं, दवाखान्यात दाखवलं, डॉक्टरांना सगळं सांगितलं, म्हणतात. मागून बाळाचं रडणं ऐकू येतं, ताईचं गप्प करणं ऐकू येतं. मी विचारते, ताई काय खाते सध्या?

"डाळ," ते म्हणतात, आणि फोन पुढे देत नाहीत.